पायी मोरोक्को: बर्फाच्या पाण्यामागोमाग वाळूपर्यंत

गेल्या अंकात याच पानावर मी लिहिलं होतं की मोरोक्कोतले डोंगर, वाळवंट आणि जुनी शहरं ही तीन वेगळी ठिकाणं समजून बसने उरकू नयेत, एकाच सलग वाटेने जमेल तितकी पायी बघावीत. त्यावर बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून, लांबलेली पत्रं थोडी आवरून इथे घेतली आहेत. नाव छापू नका असं काहींनी कळवलंय, म्हणून सगळ्यांचीच नावं वगळली आहेत.

प्रश्न: ताई, आम्ही दोघं निवृत्त शिक्षक. माझं वय ६१, ह्यांचं ६६. पावसाळा सरला की दर वर्षी एक-दोन गड होतात. गुडघे अधूनमधून कुरकुरतात, पण साथ सोडलेली नाही. आमच्या हातात एका सहल कंपनीचा दहा दिवसांचा कार्यक्रम आलाय: कासाब्लांका, राबात, फेस, मेर्झुगाचं वाळवंट, माराकेश. सगळा प्रवास बसने. आम्हाला गावं बघायची आहेत, लोकांच्या घरी राहायचंय, चालायचंय. आमच्या वयाला झेपेल अशी वाट आखून द्याल का? (सांगली)

उत्तर: तुमचा कार्यक्रम मी नकाशावर ठेवून बघितला. फेसहून मेर्झुगाला पोचायला एक अख्खा दिवस गाडीत जातो आणि मेर्झुगाहून माराकेशला यायला त्याहून जास्त. फेसची जुनी पेठ बघण्यासारखी आहे यात शंका नाही, पण तुम्हाला जे हवंय ते या कार्यक्रमात बसत नाही. म्हणून उत्तरेकडचा भाग या खेपेस सोडून द्या. माराकेशहून दक्षिणेला निघा आणि एकच गोष्ट धरून चाला: बर्फाचं पाणी.

हाय ॲटलासची रांग अटलांटिककडून येणारी ओल अडवते. हिवाळ्यात माथ्यावर बर्फ साचतं आणि ते उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत वितळत राहतं. उत्तर उतारावरचं पाणी माराकेशच्या सपाटीवर येतं. अकराव्या शतकात अल्मोराविद राजघराण्याने तिथे राजधानी वसवली ती याच पाण्याच्या भरवशावर. जमिनीखालून खणत नेलेल्या पाटांनी पाणी बागांपर्यंत आणलं जाई. खेत्तारा म्हणतात त्यांना. दक्षिण उतारावरचं पाणी उनिला, दादेस अशा नद्यांतून वार्झाझातच्या आसपास एकत्र येतं, पुढे त्याची द्रा नदी होते, आणि खजुरीच्या बागा पोसत पोसत ती म्हामिद गावापाशी वाळूत जिरते. तुम्हाला हवी असलेली डोंगरातली गावं, मातीच्या गढ्या आणि वाळवंट हे सगळं या पाण्याच्या काठाने लागतं. उंटांचे तांडेही याच वाटेने जात.

पहिले दोन दिवस माराकेशला द्या. जुन्या पेठेत, म्हणजे मदिनेत, वाट चुकणारच. तेव्हा मान वर करून कुतुबिया मशिदीचा सुमारे ७७ मीटरचा मिनार शोधायचा आणि त्या रोखाने चालायचं. मोरोक्कोत बहुतेक मशिदींत मुसलमानांखेरीज इतरांना आत जाता येत नाही, पण सोळाव्या शतकातला बेन यूसुफ मदरसा सगळ्यांना खुला आहे. तिथल्या चौकात सकाळी लवकर जाऊन बसा. खाली रंगीत फरशांची नक्षी, मधल्या पट्ट्यात कोरीव गिलावा, वर देवदाराचं लाकूड. नजर जशी वर चढते तसं कामाचं साहित्य बदलत जातं.

तिथून इमलिल हे गाव ६५ किलोमीटरच्या आसपास. उंची सुमारे १७४० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या १६४६ मीटरच्या माथ्यापेक्षाही उंचावर तुमची चाल सुरू होते. इमलिलहून तिझी न तामातेर्त ही साधारण २२८० मीटर उंचीची खिंड ओलांडली की ताशेद्दिर्त गाव येतं. तिथे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी इमेनान खोऱ्याने इक्किसकडे उतरायचं. चढ सावकाश आहेत आणि वाट रुंद आहे, कारण ती खेचरांची आहे. सामान खेचरावर जातं, तुमच्या पाठीवर पाणी आणि एखादा गरम कपडा एवढंच. गुडघ्यांना त्रास होतो तो उतरताना, म्हणून दोन्ही हातांत काठ्या घ्याच, एका काठीने भागत नाही. आणि अगदीच दुखायला लागलं तर खेचरावर बसायला लाजू नका, तिथली म्हातारी माणसं रोज बसतात.

या गावांत मी सांगेन ती एक गोष्ट आवर्जून बघा. अक्रोड आणि सफरचंदांच्या बागांमधून हातभर रुंदीचे पाट गेलेले असतात. कोणत्या घराला कधी आणि किती वेळ पाणी, याची पाळी ठरलेली असते. पाळी आली की घरातली एखादी बाई खोरं घेऊन येते, पाटाच्या कडेचा चिखल-पाल्याचा बोळा उपसते, पाणी आपल्या वाफ्यात वळवते, आणि वेळ झाली की तोच चिखल परत थापून वर दगड ठेवते. खालच्या वाफ्याचा मालक तोवर बांधावर बसून राहिलेला असतो. यात भांडण क्वचितच होतं, आणि झालंच तर गावातली जाणती मंडळी ते मिटवतात. मला ॲटलास कळायला सुरुवात झाली ती अशा बांधावर बसून.

डोंगरातले तीन-चार दिवस झाले की गाडीने तिझी न तिश्का ही २२६० मीटरची खिंड ओलांडा. पलीकडे उतरताच रंग बदलतो, हिरवं फक्त नदीच्या कडेला उरतं. खिंडीनंतर लगेच तेलुएतचा फाटा आहे. तिथे ग्लावी घराण्याचा पडीक वाडा आहे. त्यातला थामी अल् ग्लावी १९१२ पासून बराच काळ माराकेशचा पाशा, म्हणजे सुभेदार, होता आणि फ्रेंचांच्या बाजूने उभा राहिला. स्वातंत्र्य आलं तसं घराण्याचं राज्य संपलं आणि वाडा ओस पडला. बाहेरून भिंती ढासळलेल्या आहेत, पण आतल्या एक-दोन दालनांत रंगवलेली छतं आहेत.

तेलुएत ते आइत बेनहद्दू हे अंतर सुमारे ३५ ते ४० किलोमीटर. उनिला नदीच्या काठाने अनेमितेर, तामदाख्त अशी गावं घेत हे अंतर तीन दिवसांत आरामात चाला. आता त्या खोऱ्यातून डांबरी रस्ता गेलाय आणि गाड्या ते तासा-दीड तासात संपवतात, पण नदीकाठच्या शेतांतून जाणारी पायवाट अजून आहे आणि स्थानिक वाटाड्या तुम्हाला तिनेच नेईल. संपूर्ण सहलीतला हा तुकडा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो.

आइत बेनहद्दू १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. आपल्याकडे मराठवाड्यात, खानदेशात पांढऱ्या मातीच्या गढ्या आहेत ना, तसंच बांधकाम, फक्त इथे अख्खं गावच गढीसारखं तटबंदीत आहे. फळ्यांच्या साच्यात ओली माती भरून, धुमसून भिंत चढवायची, वर मातीत तूस-भुसा कालवून लेप द्यायचा. मोठा पाऊस झाला की लेप सुटतो, आणि घरात राहणारं कुणी नसेल तर पुढच्या काही वर्षांत भिंत जाते. बहुतेक कुटुंबं आता नदीपलीकडच्या नव्या वस्तीत राहतात, जुन्या गावात मोजकीच घरं उरली आहेत. दिवसा माराकेशच्या बसगाड्यांची गर्दी असते. तुम्ही मुक्कामाला राहा आणि संध्याकाळी बस गेल्या की वरच्या धान्याच्या कोठारापर्यंत चढा.

तिथून पुढे द्रा खोऱ्याचा लांब पल्ला गाडीने. वार्झाझातच्या खाली १९७२ मध्ये मोठं धरण झालं, तेव्हापासून खालच्या खोऱ्यात पाणी सोडलं तरच येतं. खजुरीच्या बागांमध्ये मध्येच शेंडा गेलेली, वाळलेली झाडं दिसतील, ती याचीच खूण. झागोऱ्यात ‘तोंबुक्तू ५२ दिवस’ असं लिहिलेली प्रसिद्ध पाटी आहे, म्हणजे उंटांच्या तांड्याला वाळवंटापलीकडच्या तोंबुक्तूला पोचायला लागणारे दिवस. पुढे तामेग्रूतला नासिरी या सूफी पंथाचं जुनं ग्रंथालय आहे, तिथे हरणाच्या कातड्यावर लिहिलेली हस्तलिखितं काचेआड बघायला मिळतात. ही जागा चुकवू नका. म्हामिदला डांबरी रस्ता संपतो. तिथून उंटांसोबत तीन-चार दिवस चालायचं, आणि मग गाडीने माराकेशला परत.

जाण्यायेण्याचे दिवस धरून सोळा-सतरा दिवस हाताशी ठेवा. मुंबईहून आखाती देशांमार्गे कासाब्लांकाला विमानं आहेत, आणि तिथून माराकेशला आगगाडी जाते. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. तिथलं चलन, दिरहम, आपल्याकडे सहजी मिळत नाही, ते तिथेच उतरल्यावर घ्या आणि डोंगरात शिरण्याआधी पुरेसे सुटे बरोबर ठेवा, गावांत कार्ड चालत नाही.

प्रश्न: आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. सोबत दोन आठवड्यांचं ठेपले-खाकऱ्याचं ओझं न्यावं लागेल का? (नाशिक)

उत्तर: ओझं नको. थोडी चटणी-लोणचं जिभेसाठी न्या, पोटासाठी तिथे भरपूर आहे. फक्त सांगायचं कसं ते शिकून घ्या. ताजिन म्हणजे शंकूसारख्या झाकणाच्या मातीच्या भांड्यात मंद आचेवर शिजवलेला पदार्थ. ‘भाज्यांचा ताजिन’ असं म्हटलं तर भाज्या येतील, पण पुष्कळदा त्या मांसाच्या रश्श्यात शिजलेल्या असतात किंवा वरचं मांस काढून ताट पुढे येतं. म्हणून ‘ब्ला लहम’, म्हणजे मांसाशिवाय, असं सांगाच, आणि जोडीला ‘ब्ला मर्का दियाल लहम’, मांसाच्या रश्श्याशिवाय, हेही. हरिरा हे सूप बहुधा मांस घालूनच करतात, ते विचारल्याशिवाय घेऊ नका.

निर्धास्त खावं असं बरंच आहे. बिसारा म्हणजे वाळलेल्या बाकल्याचं दाट कढण, वर ऑलिव्हचं तेल आणि जिरं. लुबिया म्हणजे टोमॅटोत शिजवलेला पांढरा घेवडा. झालूक हे वांग्याचं भरीत, फक्त मिरचीऐवजी लसूण आणि गोडसर लाल तिखट. मसूरही घरोघरी असते, मात्र तीतही मांस पडलंय का हे विचारायचं. सकाळी मस्मन नावाची पदरांची पोळी आणि अमलू: भाजलेले बदाम, आर्गन तेल आणि मध एकत्र वाटून केलेलं. अमलूची बरणी माराकेशहून घेऊन ठेवा, चालताना तिच्याएवढा आधार कशाचाच नाही. डोंगरातला स्वयंपाकी तुमच्याबरोबरच चालत असतो, त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी वाटाड्याला मध्ये घेऊन त्याला नीट समजावलं की पुढचे दिवस सोपे जातात. भांडी तीच असतात हे मात्र मान्य करून जा. ज्यांना ते चालत नाही त्यांनी एक लहान पातेलं सोबत न्यावं.

चहाला नाही म्हणू नका. साखरेचा पांढरा शंकू लहान हातोडीने फोडतात, हिरव्या चहाची गोळ्यांसारखी वळलेली पत्ती उकळत्या पाण्याने एकदा धुतात, मग पुदिन्याची जुडी आणि साखर किटलीत. यजमान एक पेला भरतो आणि परत किटलीत ओततो, पुन्हा भरतो, पुन्हा ओततो. चहात साखर अशीच मिसळायची, चमच्याने ढवळायची नाही. मग किटली खांद्याइतकी उंच नेऊन धार सोडतो, पेल्यात फेस उभा राहतो. साखर कमी हवी असेल तर किटलीत पडायच्या आधी सांगा.

प्रश्न: वय ३२, कळसूबाई, हरिश्चंद्रगड, साल्हेर नियमित करतो. तुबकालचं शिखर जमेल का? एकट्याने जाऊ शकतो का? (पुणे)

उत्तर: जमेल. एकट्याने नाही. डिसेंबर २०१८ मध्ये त्या भागात दोन परदेशी तरुणींचा खून झाला, तेव्हापासून तुबकालच्या वाटेवर परवानाधारक वाटाड्या सक्तीचा आहे आणि वाटेत पोलीस पासपोर्ट तपासतात. नियमाला वाट काढू नका.

तुबकाल ४१६७ मीटर, उत्तर आफ्रिकेतलं सगळ्यांत उंच शिखर. पहिल्या दिवशी इमलिलहून ३२०७ मीटरवरच्या निवाऱ्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ दीड हजार मीटर चढ. दुसऱ्या दिवशी पहाटे माथा, आणि बरेच जण त्याच दिवशी इमलिलपर्यंत उतरतात. उतार २४०० मीटरहून जास्त होतो आणि मांड्या तिथे बोलतात. तुमचे गड तुम्हाला पायांची ताकद देतील, विरळ हवेची सवय देणार नाहीत, कारण सह्याद्रीत तेवढी उंचीच नाही. म्हणून आधी दोन-तीन दिवस इमलिलच्या वरच्या गावांतून चाला, मग माथ्याकडे वळा. डोकं दुखून मळमळायला लागलं तर खाली उतरायचं, गोळी घेऊन वर जायचं नाही. हिवाळ्यापासून वसंतापर्यंत वर कडक बर्फ असतं. बुटांना लावायचे खिळे आणि बर्फाची कुऱ्हाड वापरता येत नसेल तर त्या दिवसांत जाऊ नका.

प्रश्न: मी लातूर जिल्ह्यातला. किल्लारीच्या भूकंपात आमचं घर गेलं, घरातली माणसंही गेली. मोरोक्कोच्या डोंगरातही मोठा भूकंप झाल्याचं वाचलं. मुलगा आम्हाला तिकडे घेऊन जायचं म्हणतो. लोकांची घरं पडलेली असताना तिथे हौसेने फिरायला जाणं मला बरं वाटत नाही. तुम्ही काय सांगाल? (औसा)

उत्तर: दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. या पानावर आलेल्या सगळ्या पत्रांत हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं.

८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री, अकरा वाजून गेल्यावर, ६.८ तीव्रतेचा तो भूकंप झाला. केंद्र माराकेशच्या नैर्ऋत्येला, हाय ॲटलासमध्येच. जवळजवळ तीन हजार माणसं गेली, त्यातली बहुतेक डोंगरातल्या गावांत. तुम्हाला कारण सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तुमच्याकडे जे झालं तेच: दगड आणि मातीच्या जाड भिंती, त्यावर मातीचं जड माळवद, आणि माणसं झोपेत. डोंगरात रस्तेही दरडींनी बंद झाले, मदत पोचायला वेळ लागला. बाराव्या शतकातली तिनमेलची मशीदही त्यात बरीचशी कोसळली.

तरी माझं म्हणणं आहे की तुम्ही जावं. या गावांतल्या बऱ्याच घरांचा रोख पैसा चालणाऱ्या पाहुण्यांकडून येतो. वाटाड्या, खेचरवाला, स्वयंपाकी, मुक्कामाचं घर चालवणारी बाई, सगळी त्याच किंवा शेजारच्या गावची. बागांचं उत्पन्न वर्षातून एकदा, ते घरखर्चाला पुरलं तर पुरलं. घर परत उभं करायला दरमहा काहीतरी हाती यावं लागतं. भूकंपानंतर पाहुणे थांबले तेव्हा त्यांचं दुहेरी नुकसान झालं. तुम्ही त्यांच्या घरी राहिलात, त्यांचं खेचर घेतलंत, मजुरी त्यांच्या हातात दिलीत, तर ते दान होत नाही. ती कामाची कमाई असते.

जाताना काही पथ्यं पाळा. पडलेल्या घरांचे फोटो काढू नका. कोण गेलं, किती गेले, हे आपणहून विचारू नका; सांगावंसं वाटलं तर ते सांगतील. मुलांना रस्त्यात पैसे किंवा गोळ्या वाटू नका, द्यायचंच असेल तर वाटाड्यामार्फत गावच्या शाळेला किंवा संस्थेला द्या. आणि बुकिंग करताना वाटाड्या त्याच खोऱ्यातला मागा, म्हणजे मधल्या हातांत कमी जाईल.

आणखी एक. तुम्ही कुठले, तुमच्या गावात काय झालं होतं, हे वाटाड्याला सांगा आणि त्याने ते यजमानांना सांगू द्या. त्यांची बोली ताशेल्हित, तुमची मराठी. पण नव्या घराचा पाया कसा भरला, लाकूड भिंतीत कुठे घातलं, छत हलकं कसं केलं, हे तुम्ही दोघं मिळून भिंतीवर हात ठेवून बोलू शकाल. माळवदाच्या घरातून पत्र्याच्या शेडमध्ये आणि तिथून सिमेंटच्या घरात गेलेला माणूस ज्या डोळ्यांनी ते घर बघेल, तसं मी बघू शकत नाही.

प्रश्न: माझी मुलगी आणि तिची मैत्रीण, दोघीही पंचविशीच्या, अशा सहलीला निघाल्या आहेत. मला झोप लागत नाही. (ठाणे)

उत्तर: ताई, तुमची काळजी रास्त आहे, आणि मुलींनी जाणंही रास्त आहे. डोंगरात वाटाड्याबरोबर असताना त्या सगळ्यांत सुरक्षित असतील, कारण तिथे पाहुणीची जबाबदारी अख्खं गाव घेतं. त्रास होतो तो शहरात: मागे लागणारी माणसं, ‘पुढे रस्ता बंद आहे, मी नेतो’ म्हणत गल्लीबोळांतून फिरवून पैसे मागणारी पोरं. यावर उपाय म्हणजे थांबायचं नाही, ‘ला, शुक्रन’ (नको, धन्यवाद) एवढंच म्हणायचं आणि चालत राहायचं. अडचण वाटली तर जवळच्या दुकानात शिरायचं, दुकानदार बहुधा मदत करतात. अधिकृत वाटाड्याकडे ओळखपत्र असतं, ते मागायला संकोच नको. शहरातल्या पोलिसांचा क्रमांक १९, गावाकडे जॉन्दार्मरीचा, म्हणजे ग्रामीण पोलीसदलाचा, १७७. दोन्ही मोबाइलमध्ये आधीच घालून ठेवायला सांगा. रात्री उशिरा माराकेशला उतरत असतील तर मुक्कामाच्या घरून गाडी आणि दारापर्यंत सोडणारा माणूस ठरवून घ्यावा, कारण मदिनेतल्या बोळांत गाडी जात नाही.

कपडे खांदे आणि गुडघे झाकणारे, सैल. आपली सलवार-कमीज चालायला उत्तम, उन्हातही आणि गावातही. महिला वाटाड्याही आता डोंगरात काम करतात, आधी विचारलं तर मिळू शकते. आणि चालणं संपलं की दोघींना वस्तीतल्या बायकांच्या हम्मामात जाऊ द्या. काळा मऊ साबण लावून खरखरीत हातमोज्याने तिथली बाई अंग असं घासते की आठवड्याभराची धूळ निघते. मुली हिंदुस्थानातल्या आहेत कळलं की तिथल्या बायका हिंदी सिनेमाची गाणी म्हणायला लागतात, हे मी पाहिलेलं आहे.

प्रश्न: वाळवंटात चालायचं म्हणजे दिवसभर वाळूत पाय रुतवत चालायचं का? उंटावर बसून जाणं बरं नाही का? (कोल्हापूर)

उत्तर: बहुतेक वाटचाल वाळूत नसतेच. सहारात वाळूपेक्षा दगडगोट्यांची सपाटी जास्त. म्हामिदहून एर्ग शेगागाच्या वाळूच्या मोठ्या टेकड्या साठेक किलोमीटरवर, आणि तिथपर्यंत कडक जमीन, झाऊची झुडपं, कोरडे ओढे आणि मधूनमधून वाळूचे पट्टे लागतात. उंटावर अर्धा तास मजा वाटते, नंतर कंबर बोलते. सामान आणि पाणी उंटावर, आपण शेजारून पायी, हेच बरं. पहाटे निघायचं, दुपारी सावलीत लांबच लांब थांबायचं, उन्हं कलली की पुन्हा दोन तास. मोठ्या टेकडीवर चढायचं असेल तर कडेवरून जा, वारा ज्या बाजूने येतो तिकडची वाळू घट्ट दबलेली असते.

बूट घोट्यापर्यंतचे, वरून कापडी गुंडाळी. रात्री बूट उलटे ठेवा, सकाळी झटकून मगच पाय घाला, विंचू असतात. आणि मुक्काम कोरड्या ओढ्याच्या पात्रात लावू देऊ नका, आभाळ निरभ्र असलं तरी. पाऊस पडतो दूरच्या डोंगरात आणि पाणी येतं इथे. सप्टेंबर २०२४ मध्ये त्या भागात असा पाऊस झाला की शेगागाजवळचं कित्येक दशकं कोरडं असलेलं इरिकी सरोवर भरलं आणि खालच्या गावांत पूर आले.

उंटवाले रात्री वाळूतच भाकरी भाजतात, ते जवळ बसून बघा. निखारे बाजूला सारून तापलेल्या वाळूत कणकेचा जाड रोट ठेवायचा, वरून वाळू आणि निखारे ओढायचे, मध्ये एकदा उलटायचा. काढल्यावर थापट्या मारून झटकला की वाळू सुटते, दाताखाली येत नाही.

प्रश्न: नेमकं कधी जावं? दिवाळीच्या सुट्टीत जमेल का? (सातारा, आणि आणखी पुष्कळ)

उत्तर: दिवाळी उत्तमच. ऑक्टोबर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत खिंडी बहुधा मोकळ्या असतात, वाळवंट निवलेलं असतं, आणि द्रा खोऱ्यात खजूर उतरवायचं काम चाललेलं असतं. बुफेग्गूस जातीचा मऊ खजूर तिथेच झाडाखाली विकत घ्या. दुसरा चांगला काळ एप्रिल ते मेचा मध्य. तेव्हा डोंगर हिरवे असतात, पाट भरून वाहतात, पण वाळवंटात वारा त्रास देतो आणि उंचावर बर्फ उरलेलं असू शकतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणार असाल तर वाळवंट वगळा, जून ते ऑगस्ट पारा ४५ च्या पुढे जातो. डिसेंबर-जानेवारीत वाळवंटातल्या रात्री गोठवतात, जाड झोपपिशवी लागेल.

रमजानमध्ये जायचं की नाही, हेही काहींनी विचारलंय. तुमचा वाटाड्या आणि खेचरवाला दिवसभर पाणीही न पिता तुमच्याबरोबर चढ चढणार असतात. चाल कमी ठेवायची तयारी असेल तर जा, आणि संध्याकाळी रोजा सुटताना त्यांच्यासोबत बसा. शिवाय त्या महिन्यात देशाची घड्याळं एक तास मागे घेतात आणि नंतर परत पुढे करतात, तेव्हा त्या सुमाराची विमानाची आणि आगगाडीची वेळ तिकीट काढताना एकदा आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा तपासून घ्या.